आडनावाचे वतन

दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की मराठी घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, “चकली कोणी केली?” आणि पाहुणा नवा असला तर दुसरा, “आपण कुठले?” पाहुण्याने बिचाऱ्याने “कुलकर्णी” एवढेच उत्तर दिले, तर प्रश्न मिटत नाही, उलट तिथूनच त्याला पाय फुटतात. “कुठले कुलकर्णी? नगरकडचे, का साताऱ्याचे? आमच्या धाकट्या नणंदेच्या दिरांची सासुरवाडी कुलकर्ण्यांचीच. तुमचे कोणी लागतात का?” पाहुणा चकली मोडीत मोडीत म्हणतो, “नाही, ते कुलकर्णी वेगळे.” आणि विचारणाऱ्या बाईंना उगीचच वाटते, की पाहुण्याने काहीतरी हातचे राखून ठेवले!

पाहुण्याने काहीही राखून ठेवलेले नसते. ‘ते कुलकर्णी वेगळे’ या तीन शब्दांत त्याने महाराष्ट्राचा पाच-सातशे वर्षांचा इतिहास सांगून टाकलेला असतो. तो ऐकायची आपली तयारी नसते, एवढेच.

मी स्वतः कुलकर्णीच आहे. पोटापाण्यासाठी शाळामास्तर, आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. तेव्हा रोज सकाळी चाळीस-पन्नास आडनावे हजेरीपटावरून वाचणे आणि रात्री पाच-दहा आडनावे मनाने बनवून कागदावरच्या माणसांना चिकटवणे, हा माझा दुहेरी धंदा झाला आहे. या धंद्यात पडल्यापासून माझे एक मत पक्के होत गेले, आणि ते या सणाच्या दिवशी मांडले तर कुणाच्या लाडवात खडा लागेल हे जाणूनही मी मांडणार आहे. माझे म्हणणे असे, की कुलकर्णी हे घराण्याचे नाव नव्हे, रक्ताचे नव्हे, जातीचेही नव्हे. ते एका गावकामाचे नाव आहे. ते काम गेले, त्या कामाचे वतन सरकारने कायद्याने काढून घेतले. पण नावाचेच एक नवे वतन करून आपण त्यावर बसलो आहोत. कोणी त्या वतनातून अभिमानाचे पीक काढतो, कोणी द्वेषाचे. हे शेवटचे वतनही आता खालसा झाले पाहिजे.

प्रथम शब्दच पाहू. गेल्या काही वर्षांत कुलसंमेलने भरवण्याची टूम निघाली आहे. अशा एका संमेलनाच्या स्मरणिकेत मी वाचले, की ‘उच्च कुलाला साजेशी करणी करणारे ते कुलकर्णी’. वाचून मला हसू आवरेना. अहो, हा सगळा घोटाळा एका ‘ल’ने केलेला आहे! जुना माणूस ‘कुळकर्णी’ म्हणे. त्यातले ‘कूळ’ म्हणजे घराणे नव्हे. जमीन कसणारे आणि सारा भरणारे जे खातेदार, त्यांना दफ्तरी भाषेत कूळ म्हणत. आपल्याकडे ‘कूळकायदा’ आला तेव्हा घराण्यांचा कायदा आला, असे कुणाला वाटले नाही. मग आडनावातच ते का वाटावे? आणि ‘करणी’तला ‘करण’ म्हणजे लिहिणारा, हिशेब राखणारा. जुन्या लेखांतून करण, करणिक हे शब्द कारकुनांसाठी येतात. आपल्याकडच्या कर्णिकांच्या आडनावात तोच शब्द आहे. आंध्रात गावचा हिशेबनीस ‘करणम’ झाला, आणि ओडिशात लेखनिकांच्या एका ज्ञातीचेच नाव ‘करण’ पडले. तेव्हा कुळकर्णी म्हणजे कुळांचा हिशेब लिहिणारा. कोणत्या कुळाकडे जमीन किती, सारा किती, वसूल किती, बाकी किती, हे मोडीत टिपून ठेवायचे, कागद रुमालात बांधायचे, आणि वरच्याने मागितले की सोडून दाखवायचे. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली मराठी भाषेचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला, म्हणजे कुळांऐवजी शब्दांची खातेवही लिहिली. आडनावाला जागणे म्हणतात ते हे! उच्च कुलाची करणी शोधायला कोशकारांचे काही अडले नव्हते.

गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी ही जोडी. पाटलाने गाव सांभाळायचे, वसूल करायचा, तंटे मिटवायचे, कुलकर्ण्याने लिहायचे. अशी पुष्कळ गावे मिळून परगणा. परगण्यावर पाटलाच्या जागी देशमुख, कुलकर्ण्याच्या जागी देशपांडे. म्हणजे देशपांडे हा परगण्याचा कुलकर्णी, इतका हा साधा हिशेब आहे. शेजारच्या मुलखात जा. कानडी मुलखात शानभोग, गुजरातेत तलाटी, उत्तरेत पटवारी. काम एक, नावे अनेक.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते. गाव तिथे पाटील, गाव तिथे कुलकर्णी. जितकी गावे, तितकी कुलकर्णी घराणी. आणि त्यांचा एकमेकांशी संबंध तितकाच, जितका एका स्टेशनच्या स्टेशनमास्तरचा दुसऱ्या स्टेशनच्या स्टेशनमास्तरशी. उद्या सारे स्टेशनमास्तर एका मांडवात जमून ‘आपण सगळे एका रक्ताचे’ अशी आरोळी ठोकू लागले, तर आपण काय म्हणू? पण कुलकर्ण्यांनी तीच आरोळी ठोकली, की आपण टाळ्या वाजवतो आणि वर्गणीची पावती फाडतो.

पुरावा हवा असेल तर लग्नाच्या बाजारात पाहा. सगोत्र विवाह टाळणारी जुन्या वळणाची माणसेदेखील कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांना द्यायला कचरत नाहीत. गोत्र विचारतात, ते वेगळे निघते, आणि लग्न लागते. नवी सून माहेरीही कुलकर्णी, सासरीही कुलकर्णी; नाव बदलण्याचा सरकारी खर्च तेवढा वाचतो. ही सारी एका कुळाची असती, तर हे लग्न लागले असते काय? म्हणजे ज्या गोष्टीचा आपण संमेलनात पुकारा करतो, तीच लग्नाच्या बैठकीत निमूटपणे खोटी ठरवतो.

या घराण्यांना आधी दुसरी आडनावे नव्हती असेही नाही. जांबच्या ज्या घरात १६०८ साली समर्थ रामदास जन्मले, त्या घराकडे गावचे कुलकर्ण होते. पण घराचे नाव ठोसर. त्यापूर्वी तीनशे वर्षे आपेगावला ज्ञानेश्वरांच्या वाडवडिलांकडे कुलकर्णच होते. मग ठोसर आणि आपेगावकर एका वंशाचे समजायचे काय? ‘भक्तविजय’ लिहिणारे महीपती (१७१५–१७९०) हे नगर जिल्ह्यातल्या ताहराबादचे कुलकर्णी. एकदा ते पूजेला बसले असता मालकाच्या शिपायाने येऊन कामासाठी उठवले, आणि तेव्हापासून त्यांनी ‘ही लेखणी आता फक्त संतांसाठी’ असा निश्चय केला, अशी कथा सांगतात. कथा पुष्कळांना माहीत असते. पण महीपतींचे आडनाव काय होते, हे विचारले की भले भले गप्प होतात. त्यांचे आडनाव होते कांबळे. महीपती दादोपंत कांबळे. देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण, ताहराबादचे वतनदार कुलकर्णी.

दचकलात ना? मग कशाने दचकलात, एवढे मात्र मनाशी विचारून पाहा.

मी विचारले आहे; आणि माझे उत्तर मला माझ्या वाचकांनी दिले आहे. एका कादंबरीत मी एका कीर्तनकाराचे नाव कांबळेबुवा ठेवले. त्याच्या जातीचा उल्लेख साडेतीनशे पानांत कुठेही नव्हता. कारण कथेला त्याची गरजच नव्हती. कादंबरी बाहेर पडली, आणि पत्रे आली. एका गृहस्थांनी त्या पात्राबद्दल ‘समाजाला नवी दिशा दिल्याबद्दल’ माझे अभिनंदन केले. दुसऱ्यांनी ‘हे वास्तवाला धरून नाही’ म्हणून कान उपटले. कीर्तन कसे रंगले, याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही! तीन अक्षरी आडनावाने साडेतीनशे पाने झाकून टाकली. कागदावरच्या माणसाची ही गत, तर हाडामांसाच्या माणसाची काय होत असेल?

येथे पहिला आक्षेपक उठेल आणि म्हणेल, “ते काही असो, कुलकर्णी म्हटले की जात कळतेच ना?” कळते असे वाटते, एवढेच खरे. वतन ही एक मिळकत होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, भाऊ वेगळे झाले की तिच्या तक्षिमा पडत, अडचण आली की ती गहाण पडे, विकलीही जाई. हातात लेखणी धरता येणाऱ्या जातींकडे कुलकर्ण साहजिकच अधिक गेले. पण त्यातही देशस्थ आले, कऱ्हाडे आले, सारस्वत आले, आणि कित्येक गावी, विशेषतः कोकणपट्टीत, प्रभू आले. देशपांडे म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर एकच जात उभी राहत असेल, तर पावनखिंडीत उभे राहिलेले बाजी प्रभू देशपांडे आठवा. ते हिरडस मावळचे देशपांडे, आणि जातीने कायस्थ प्रभू. देशमुखांचे तर विचारूच नका. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन, मूळचे सिद्धये. विदर्भात शिक्षणाची गंगा नेणारे पंजाबराव देशमुख मूळचे कदम, शेतकरी घरातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू. आडनाव एक, जाती तीन. आणि तिघांच्या कर्तृत्वाचा देशमुखीशी काडीइतका संबंध नाही. पाटलांकडे वळलात तर कर्मवीर भाऊराव पाटील जैन, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, आणि उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांसाठी झगडलेले दि. बा. पाटील आगरी. मग आडनावावरून नक्की काय कळते? पूर्वी केव्हातरी कुणीतरी एक सरकारी काम करीत होते, एवढेच कळते. त्यावर माणसाची परीक्षा करणे म्हणजे पाकिटावरचे पोस्टाचे शिक्के वाचून आतले पत्र समजले म्हणण्यासारखे आहे.

आणि ही नावे पक्की तरी कधी झाली? जुन्या कागदांत माणूस आपले नाव, बापाचे नाव सांगतो, आणि मग ‘कुलकर्णी मौजे अमुक’ असे लिहितो. तेथे कुलकर्णी हा हुद्दा आहे. पुढे कचेरी आली, शाळा आली, रेल्वे आली, विद्यापीठाची पदवी आली. या सगळ्यांच्या छापील रकान्यांना तिसरे नाव हवे होते. विचारणाराला घाई, सांगणाराला भीती. मग ज्याला जे जवळ सापडले ते त्याने लिहून दिले. कोणी गाव लिहिले, कोणी हुद्दा. पेशव्यांच्या दरबारातला फडणीस बाळाजी जनार्दन हा भानूंच्या घरातला. पण भानू मागे पडले आणि नाना फडणवीस पुढे झाले. साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात येऊन फुलांचा धंदा करू लागले, आणि दोन पिढ्यांत फुले झाले. त्याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. आंबडवे गावावरून आलेले आंबडवेकर हे नाव साताऱ्याच्या शाळेत एका शिक्षकाने आंबेडकर केले, ही हकिगत तर सर्वश्रुत आहे. पाहा तर खरे! ज्याला आपण पिढीजात म्हणून कवटाळतो, ते पुष्कळदा एका मास्तरच्या टाकाच्या फटकाऱ्यात ठरलेले असते. मास्तर म्हणून मला या गोष्टीचा अभिमानही वाटतो आणि भीतीही वाटते.

कुलकर्णी या नावाचा खरा प्रसार तर काम सुटल्यावर झाला, ही यातली सर्वांत मोठी गंमत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. पुढे मुंबई राज्याने १९५० साली कायदाच करून परगणा वतने आणि कुलकर्णी वतने बंद केली. दफ्तर गेले, हक्क गेले. ज्याच्या नावात गावचा हिशेब होता, तो माणूस गाव सोडून पुण्या-मुंबईच्या चाळीत आला, गिरणीच्या कचेरीत, बँकेत, शाळेत चिकटला. माझ्या पणजोबांच्या गावी कुलकर्णी एक होता; आज माझ्या राहत्या इमारतीच्या एका जिन्यात तीन आहेत, आणि तिघांपैकी एकालाही सात-बारा वाचता येत नाही. दक्षिणेकडे धारवाड, बेळगाव, विजापूर या भागांत घराघरातून कानडी बोलणारे कुलकर्णी आहेत. जी. ए. कुलकर्णी कित्येक वर्षे मराठी कथा लिहीत धारवाडला राहिले. तिथल्या टपालवाल्याला ते आडनाव परके वाटण्याचे कारणच नव्हते. सुधा मूर्ती माहेरच्या कुलकर्णी, आणि घरची भाषा कानडी. नाव भाषेची वेस ओलांडून गेले. कारण हिशेब ठेवायला मराठीही चालते आणि कानडीही. आता ते साता समुद्रांपलीकडे गेले आहे. तिथल्या दारावरच्या पाटीवर ‘कुलकर्णी’ वाचून तिथल्या शेजाऱ्याला काहीच कळत नाही, हे पाहून मला त्या घरातल्या मुलांचा थोडा हेवा वाटतो.

आता दुसरा आक्षेपक. हा पहिल्याच्या अगदी उलट टोकाचा. तो म्हणतो, “कुलकर्णी ना? म्हणजे कलमकसाई!” या शब्दाला आधार नाही असे मी म्हणणार नाही. गावात एकच माणूस लिहिता-वाचता असला, की त्याच्या बोरूला सुरीची धार यायला वेळ लागत नाही. अडाणी कुळाच्या अंगठ्यावर काय लिहिले जाई, हे त्या कुळाला जमीन गेल्यावर कळे. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ ओढला तो उगाच नव्हे. दीनमित्रकार मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहून या बोरूबहाद्दरांची पोथी लावली, तीही उगाच नव्हे. ज्यांना हे वाचून राग येतो, त्यांनी तो आपल्या पूर्वजांच्या दफ्तरावर काढावा. मला हे मान्य आहे, आणि मान्य करताना माझ्या पोटात काही दुखत नाही. कारण ते दोष एका हुद्द्याचे होते, आणि त्या हुद्द्याचा मी वारस नाही.

पण याच कारणासाठी दुसऱ्या आक्षेपकालाही मला चार शब्द सुनवायचे आहेत. माझ्या वर्गात एकदा भांडण झाले. बारा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, “तुम्ही कुलकर्णी, तुम्ही आमच्या जमिनी खाल्ल्यात.” त्या दुसऱ्याच्या घरी खायला जमीन सोडाच, कुंडीत तुळशीपुरती माती होती. त्याने काय करावे? त्याने शेजारच्या बाकावरच्या कांबळेला काहीतरी टोमणा मारून आपला राग काढला. टोमणा कोणता, तो मी येथे लिहीत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे, आणि तो त्यांच्या घरीही बोलला जातो, म्हणूनच त्या पोराच्या तोंडी आला. तीन मुले, तीन आडनावे. आणि तिघांपैकी एकानेही आयुष्यात कुणाचे काही वाईट केलेले नव्हते.

हुद्द्याचे गुणदोष रक्तातून उतरतात, हीच तर वतनदारीची मूळ समजूत! बाप कुलकर्णी म्हणून मुलगा कुलकर्णी, मग त्याला बेरीज येवो वा न येवो. बाप गावचा वेठबिगार म्हणून मुलगाही वेठबिगार, मग तो कितीही हुशार असो. या समजुतीविरुद्ध जोतीराव लढले, शाहू महाराज लढले, बाबासाहेब लढले. आणि त्यांचे नाव घेऊन आपण बारा वर्षांच्या पोराला त्याच्या आडनावाची शिक्षा दिली, तर आपण त्यांच्या बाजूचे, की वतनदारीच्या? वतनाची पुण्याई वारसाने मिळत नाही असे म्हणायचे असेल, तर वतनाचे पापही वारसाने देता येणार नाही. तराजू एकच ठेवा.

आता या विषयातला खरा काटा. वर पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची नावे घेतली. हे सारे वतनदार. पण वतनदार तेवढेच होते काय? सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार हे बलुतेदार होते. महार हाही वतनदार. गावाची शीव कुठे, याचा वाद पडला की त्याची साक्ष. सरकारी निरोप त्याने न्यायचा, आणि गावचा वसूल तालुक्याला पोहोचवायचाही त्यानेच. कुलकर्ण्याने पैसा मोजायचा आणि महाराने तो वाहायचा. एकाच कामाचे हे दोन हात. जुन्या महजरांवर गावच्या मंडळींच्या निशाण्या असत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. एका कागदावर साऱ्या गावाची कामे शेजारी शेजारी उभी राहत.

मग पुढे असे का झाले, की त्यातल्या एका कामाचे नाव दारावर पितळी पाटीत मिरवले जाते, आणि दुसऱ्या कामाचे नाव उच्चारले तरी समोरच्याचा चेहरा पडतो? कुलकर्ण्याला कोणी विचारीत नाही, “अजून दफ्तर लिहिता का?” पण सुतार आडनावाच्या इंजिनिअरला खुर्चीचा पाय हलत असला की हटकून थट्टेने हाक मारतात. लोहार, कुंभार, परीट या आडनावांची मुले माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात, तेव्हा हळू आवाजात विचारतात, “सर, आडनाव बदलता येतं का हो?” गेल्या इतक्या वर्षांत एकाही कुलकर्ण्याने मला हे विचारलेले नाही.

कायदासुद्धा या भेदातून सुटला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक आणले. कुलकर्ण्यांचे वतन १९५० च्या कायद्याने गेले. महार आणि इतर गावनोकरांचे वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आणि त्या कायद्याच्या नावात शब्द कोणता घातला? ‘कनिष्ठ’! कनिष्ठ ग्राम वतने. वतन मोडताना देखील त्याला कनिष्ठ म्हणूनच मोडले. सरकारने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच झाला. पण वस्तीच्या पाट्या सरकार बदलू शकते, मनातल्या पाट्या कोणी बदलायच्या?

म्हणून मी म्हणतो, की ‘कुलकर्णी’ या नावाचा अभिमान ही काही निरुपद्रवी हौस नव्हे. कामाच्या एका नावाला आपण जितके वर चढवतो, तितकेच दुसरे एक नाव खाली जाते. तराजूचे हे एकच पारडे उचलता येत नाही. लेखणी मोठी म्हणालात, की त्याच श्वासात रंधा लहान झाला, चाक लहान झाले, झाडू लहान झाला. कुलसंमेलनात फेटे बांधून बसलेल्या सज्जनांना हे दिसत नाही. माझ्या टेबलापाशी हळू आवाजात बोलणाऱ्या मुलाला ते दिसते.

घरातल्या बायकांचे तर याहून नवल. माहेरची देशपांडे, सासरची कुलकर्णी. म्हणजे एका जन्मात परगण्याचा हुद्दा सोडून गावचा घेतला, आणि दोन्ही हुद्द्यांची लेखणी हातात धरायला कधी मिळाली नाही! हिशेब लिहिला तो दुधाचा आणि वाण्याचा. तरी ‘आम्ही देशपांड्यांकडच्या’ असे सांगताना त्यांचा आवाज किंचित चढतो. त्यांना मी हसत नाही. दुसरे काही आपले म्हणायला त्यांना मिळाले नव्हते, हे मला कळते. पण आता त्यांच्या मुली शिकल्या, मिळवू लागल्या. त्यांनी तरी आपली ओळख दोन मोडलेल्या वतनांच्या मध्ये का शोधावी?

तिसरा आक्षेपक शहाणा असतो. तो शेवटी बोलतो. “मग काय, आडनावे टाकून द्यायची?” तमिळनाडूत कोट्यवधी माणसे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून सुखाने जगतात, आणि त्यांचे काही अडत नाही. पण मी तेवढे मागत नाही. आडनाव हा जुना कागद आहे, आणि जुने कागद जाळणारा मी नव्हे. उलट तो नीट वाचा, मुलांना वाचून दाखवा. त्यांना सांगा, की आपल्या पूर्वजाने मोडी लिहिली, शेजारच्याच्या पूर्वजाने नांगराचा फाळ शेवटला, तिसऱ्याच्या पूर्वजाने अंधाऱ्या रात्री गावचा पैसा पाठीवर घेऊन तालुका गाठला आणि पैही कमी होऊ दिली नाही. तिघांनी मिळून गाव चालवले. कागद वाचावा, जपावा. पण त्याच्यावर आजच्या माणसाकडून वसुली करू नये, एवढेच माझे मागणे.

आणि मागणे केवळ लोकांपुढे ठेवून मी मोकळा होत नाही. माझ्या वर्गात मी हजेरी पहिल्या नावाने घेतो. एका वर्गात चार ओंकार निघाले, तर त्यांना वडिलांच्या नावाचे अक्षर लावतो; काही अडत नाही. मुलगा उभा राहिला की तो ओंकार म्हणून उभा राहतो, कुणाचा तरी हुद्दा म्हणून नव्हे. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी हे करून पाहावे. याला ना अनुदान लागते, ना परिपत्रक. वधूवरांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ‘कुलकर्णी-देशपांडे चालतील’ या ओळीचे पैसे वाचवावेत. संमेलने भरवणाऱ्यांनी भरवावीत, जेवणही करावे. पण त्या दिवशी आपल्या मूळ गावी जाऊन तिथल्या सुताराच्या, लोहाराच्या, महाराच्या वंशजांनाही पंक्तीला बोलवावे. गावचे दफ्तर एकट्या कुलकर्ण्याने लिहिले असेल. त्यात लिहिण्याजोगे जे जे घडले, ते सगळ्यांनी घडवले होते.

आणि या दिवाळीत कोणी तुमच्या दारात आले, त्याने आपले आडनाव सांगितले, तर ‘कुठले?’ हा प्रश्न एकदा गिळून पाहा. चकलीबरोबर तो सहज गिळला जातो. त्याऐवजी विचारा, “आपण काय करता?” कारण कुलकर्णी, पाटील, सुतार, फुले ही सारी आडनावे मुळात याच प्रश्नाची उत्तरे होती.